ऑल-व्हील-ड्राइव्ह डस्टरचे टायर बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेनो डस्टरची ऑल-व्हील-ड्राइव्ह आवृत्ती भारतात २०१४ मध्ये आली. दीड लिटरचं डिझेल इंजिन, ११० पीएस, सहा गिअर आणि चढासाठी मुद्दाम आखूड ठेवलेला पहिला गिअर. २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे नवे नियम लागू झाले आणि डिझेल डस्टर बनणं बंद झालं, पण असलेल्या गाड्या कुणी सोडायला तयार नाही. त्यातल्या बऱ्याच आता टायरच्या दुसऱ्या-तिसऱ्या सेटवर आल्या आहेत, काही नव्या मालकांकडे गेल्या आहेत, आणि टायरच्या दुकानात उभं राहून फोन करणाऱ्यांचे प्रश्न तेच तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उदाहरणं डस्टरची आहेत, कारण ती गाडी मी वापरतो. ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरची ऑल-व्हील-ड्राइव्ह, एक्सयूव्ही७००, कंपास, कोडियाक यांनाही हिशेब हाच लागतो, फक्त आकडे बदलतात.

माझ्या गाडीची मूळ साइज कोणती आणि ती वाचायची कशी?

ऑल-व्हील-ड्राइव्ह डस्टरची मूळ साइज २१५/६५ आर१६. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १४० मिमी. आर म्हणजे रेडियल आणि १६ हा रिमचा व्यास इंचात. पुढे बहुधा ९८एच असं असतं. ९८ हा वजनाचा निर्देशांक, एका टायरवर जास्तीत जास्त ७५० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग.

जुनी गाडी घेतली असेल तर टायरवर लिहिलेलं प्रमाण मानू नका. आधीच्या मालकाने काय बसवलं ते कुणास ठाऊक. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीतला स्टिकर आणि गाडीचं हँडबुक बघा.

साइज एक पाऊल वर-खाली झाली तर एवढं काय बिघडतं? शेजाऱ्याच्या साध्या डस्टरला तर काहीच झालं नाही.

शेजाऱ्याच्या गाडीत इंजिनची ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते. मागची चाकं नुसती ओढली जातात, त्यांचा पुढच्यांशी कसलाही सांधा नाही. तुमच्या गाडीत गिअरबॉक्समधून एक लांब शाफ्ट मागे जातो आणि मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) तोंडाशी एक कपलिंग बसवलेलं असतं. त्या कपलिंगमध्ये क्लचसारख्या प्लेटा असतात. कॉम्प्युटरने विजेचा प्रवाह सोडला की प्लेटा एकमेकींना चिकटतात आणि ताकद मागे जाते, जास्तीत जास्त निम्मी.

आता कॉम्प्युटरला कसं कळतं की पुढची चाकं घसरताहेत? चारही चाकांवर एबीएसचे सेन्सर आहेत, ते फेऱ्या मोजतात. पुढची चाकं मागच्यांपेक्षा भराभर फिरली की कॉम्प्युटर समजतो, चिखल आला. पण पुढचे टायर मुळातच लहान असतील, तर ते कोरड्या सरळ रस्त्यावरही जास्त फेऱ्या मारणारच. मग कपलिंग विनाकारण लागत राहतं, प्लेटा एकमेकींवर घासत राहतात, तापतात आणि झिजतात. टायरवर वाचवलेल्या पैशांपेक्षा कपलिंगचं काम कितीतरी महाग पडतं, आणि या गाडीचे ते सुटे भाग आता सहज मिळतही नाहीत.

म्हणून ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये पहिला प्रश्न ‘साइज बरोबर आहे का’ हा नसतो. चारही चाकांचा घेर सारखा आहे का, हे आधी विचारायचं.

घेर काढायचा कसा?

कागदावरचा हिशेब सोपा आहे. रुंदीला टक्केवारीने गुणा, ती झाली एक भिंत. दुप्पट करा, कारण रिमच्या वर एक आणि खाली एक. त्यात रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळवा, एक इंच म्हणजे २५.४ मिमी. आलेल्या व्यासाला ३.१४१६ ने गुणा.

२१५/६५ आर१६ साठी: २१५ × ०.६५ = १३९.७५. दुप्पट २७९.५. रिम १६ × २५.४ = ४०६.४. व्यास ६८५.९ मिमी. घेर सुमारे २१५५ मिमी. म्हणजे एका किलोमीटरला जवळपास ४६४ फेऱ्या.

प्रत्यक्षात गाडीच्या वजनाने टायर खाली थोडा दबतो, त्यामुळे खरा घेर याहून थोडा कमी भरतो. दोन साइजची तुलना करायला मात्र हा हिशेब पुरेसा आहे.

२१५/६५ आर१६ ऐवजी कोणती साइज चालेल?

चारही एकदम बदलणार आहात असं धरून सांगतो. मूळ व्यास ६८५.९ मिमी, त्याच्याशी तुलना अशी:

२१५/६० आर१७: ६८९.८ मिमी, ०.६ टक्के मोठा.
२३५/६० आर१६: ६८८.४ मिमी, ०.४ टक्के मोठा.
२०५/७० आर१६: ६९३.४ मिमी, १.१ टक्के मोठा.
२२५/६० आर१६: ६७६.४ मिमी, १.४ टक्के लहान.
२२५/६५ आर१६: ६९८.९ मिमी, १.९ टक्के मोठा.
२१५/६० आर१६: ६६४.४ मिमी, ३.१ टक्के लहान.
२१५/७० आर१६: ७०७.४ मिमी, ३.१ टक्के मोठा.
२२५/७० आर१६: ७२१.४ मिमी, ५.२ टक्के मोठा.

रिम बदलून १७ इंची करायची असेल तर पहिली साइज उत्तम. युरोपात दुसऱ्या पिढीच्या डस्टरला कंपनीनेच २१५/६५ आर१६ आणि २१५/६० आर१७ या दोन्ही साइज दिल्या होत्या. २३५/६० चा घेर जुळतो, पण टायर २० मिमी रुंद आहे. मूळ रिमला ती रुंदी चालते का, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासतो का, हे बघितल्याशिवाय घेऊ नका. शेवटच्या तीन साइज मी स्वतः कधीच लावणार नाही. सगळीकडे सांगितला जाणारा ‘तीन टक्क्यांपर्यंत चालतं’ हा नियम स्पीडोमीटर आणि गिअरिंगपुरता आहे, आणि तोही चारही टायर एकसारखे असताना. पुढच्या-मागच्या टायरमधला फरक तीन टक्के चालतो असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर २१५/६५ आर१६ सोडून जायचं काही कारण नाही. ही साइज सहज मिळते, अनेक कंपन्या बनवतात, आणि आपल्या खड्ड्यांसाठी १४० मिमीची भिंत हे वरदान आहे.

साइज तीच आहे, कंपनी वेगळी. पुढे एक आणि मागे दुसरी चालेल?

नको. भिंतीवर २१५/६५ आर१६ छापलेलं असलं तरी दोन कंपन्यांच्या टायरचा प्रत्यक्ष व्यास काही मिलिमीटरने वेगळा असू शकतो. प्रमाणित मापात तेवढी सूट दिलेली असते. शिवाय नव्या टायरची नक्षी, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबरातल्या खाचा, एकाची ७ मिमी खोल तर दुसऱ्याची साडेआठ. रबर वेगळं, म्हणजे पावसात पकडही वेगळी. एकच कंपनी, एकच मॉडेल, चारही.

दोनच टायर गेले आहेत. दोनच बदलले तर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि मी स्वतः इथेच चुकलो, म्हणून सविस्तर सांगतो.

आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात एका खड्ड्यात गाडी आपटली आणि समोरच्या डाव्या टायरला भिंतीवर फुगा आला. चारही टायर तेव्हा साधारण अर्ध्यावर झिजलेले होते. दुकानात सांगितलं गेलं, दोन नवे टाका, नवी जोडी मागे लावा, मागची चांगली जोडी पुढे घ्या. साध्या गाडीसाठी हा सल्ला बरोबर आहे. ओल्या रस्त्यावर मागचं टोक घसरू नये म्हणून जास्त नक्षीचे टायर मागेच असावेत. मी मान डोलावली.

तीन-चार दिवसांत सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना ती अडखळायला लागली. कुणी हँडब्रेक थोडासा ओढून धरलाय असं वाटायचं. हायवेवर मागून बारीक घरघर. गाडीतला बटणगोळा ऑटोवरून २डब्ल्यूडीवर, म्हणजे फक्त पुढच्या चाकांना ताकद जाईल असा, फिरवला की सगळं शांत. पुन्हा ऑटोवर आणलं की पुन्हा तेच. एका जुन्या मेकॅनिककाकांनी गाडी न खोलता, फक्त नक्षी मोजून कारण सांगितलं.

हिशेब बघा. नवी नक्षी ८ मिमी, झिजलेली ४ मिमी. चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण झीज त्रिज्येतून जाते, म्हणजे व्यासात ८ मिमी आणि घेरात २५ मिमी. नव्या टायरच्या किलोमीटरला ४६४ फेऱ्या, झिजलेल्याच्या जवळपास ४७०. दर किलोमीटरला साडेपाच फेऱ्यांचा फरक, मुंबई-पुणे अशा दीडशे किलोमीटरच्या एका खेपेत आठशेहून जास्त. आणि लहान टायर माझ्या गाडीत पुढेच होते, त्यामुळे कॉम्प्युटरला सारखं वाटत राहिलं की पुढची चाकं घसरताहेत. अर्धी झीज म्हणजे घेरात १.२ टक्के फरक. वरच्या यादीत पाहा, २२५/६० आर१६ ही ‘चुकीची’ साइज लावल्यावर पडणारा फरक याच्या जवळपासच आहे.

मी शेवटी उरलेले दोनही बदलले. कपलिंग वाचलं.

मग किती फरक चालतो?

प्रत्येक कंपनीची मर्यादा वेगळी. सुबारू ही जपानी कंपनी सगळ्यात कडक: चारही टायरच्या घेरात पाव इंचाहून जास्त फरक नको. पाव इंच घेर म्हणजे नक्षीत जेमतेम १ मिमी. अमेरिकेत, कॅनडात राहणाऱ्या आपल्या अनेक मंडळींकडे आउटबॅक किंवा फॉरेस्टर असते, त्यांनी हे लक्षात ठेवावं. डस्टरसारख्या, गरजेपुरती मागची चाकं जोडणाऱ्या गाडीत मी स्वतः २ मिमीच्या पुढे जात नाही. २ मिमी नक्षी म्हणजे घेरात साडेबारा मिमी, ०.६ टक्के. तुमच्या गाडीच्या हँडबुकात आकडा दिला असेल तर तोच खरा.

फक्त एकच टायर फुटला. नाइलाजाने चार घ्यायचे?

आधी उरलेल्या तिघांची नक्षी मोजा. नक्षी मोजायची छोटी पट्टी स्वस्तात मिळते. प्रत्येक टायरवर आतली बाजू, मध्य आणि बाहेरची बाजू अशा तीन ठिकाणी मोजा.

तिघांची नक्षी ६ मिमी किंवा जास्त असेल, तर त्याच मॉडेलचा एक नवा घ्या आणि निश्चिंत राहा. ४ ते ६ च्या मध्ये असेल, तर त्याच मॉडेलचा तेवढाच वापरलेला टायर शोधा. डस्टरवाल्यांच्या ग्रुपवर विचारा, कुणीतरी सेट बदललेला असतो. घेताना भिंतीवर कट, फुगा, आतून ठिगळ नाही ना ते टायर रिमवरून काढून बघा. अमेरिकेत नव्या टायरची नक्षी मशीनवर तासून जुन्यांइतकी करून देणारे विक्रेते आहेत. आपल्याकडे गल्लीतल्या कुणाकडून असला प्रयोग करून घेऊ नका. ४ च्या खाली असेल तर चारही बदला. तसेही ते टायर पुढचा पावसाळा काढायच्या लायकीचे नाहीत.

कायद्याने कारच्या टायरला १.६ मिमी नक्षी चालते, खाचेतल्या छोट्या उंचवट्यापर्यंत रबर आलं की ती मर्यादा गाठली. ताम्हिणीतल्या पावसात १.६ मिमीवर गाडी घालणाऱ्याला मी हात जोडतो.

स्टेपनी लावून किती चालवू?

स्टेपनीवरची साइज वाचा. ती बाकीच्यांसारखीच असेल आणि नक्षी जवळपास तेवढीच असेल, तर काहीच अडचण नाही. साइज लहान असेल, किंवा स्टेपनी कोरी आणि बाकीचे टायर गुळगुळीत असतील, तर बटण २डब्ल्यूडीवर ठेवा, वेग कमी ठेवा, आणि जवळच्या दुकानापर्यंतच जा. पुढची-मागची चाकं जोडून ठेवणाऱ्या लॉक मोडला तर अजिबात हात लावू नका. ग्रँड व्हिटाराच्या बटणावर २डब्ल्यूडी नाही, तिथे तर स्टेपनीवर लांबचा प्रवास टाळायलाच हवा.

यावर एक चांगला उपाय आहे. स्टेपनी त्याच साइजची असेल तर पाचवा टायरही त्याच मॉडेलचा घ्या आणि रोटेशनमध्ये, म्हणजे टायरच्या जागा आलटून-पालटून बदलताना, पाचही फिरवा. मग कोणताही टायर कधीही गेला तरी बदली टायर इतरांइतकाच झिजलेला असतो. सुरुवातीला एका टायरचा खर्च वाढतो, पण सेटही तेवढाच जास्त टिकतो. फक्त एकाच दिशेने फिरणारे, भिंतीवर बाण असलेले टायर असतील तर हे जमत नाही.

रोटेशन किती किलोमीटरला?

आठ हजारांना. दहा हजारांपर्यंत ठीक. डस्टरमध्ये रोजच्या वापरात पुढची चाकंच काम करतात, शिवाय वळणं आणि ब्रेकचा भारही पुढेच, म्हणून पुढचे टायर लवकर झिजतात. रोटेशन टाळलं तर एकदम घेतलेले चार टायरही वर्षभरात दोन वेगळ्या घेरांचे होतात.

अलाइनमेंट करताना मागच्या चाकांचंही करून घ्या. साध्या डस्टरला मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकं एका आडव्या दांड्याने जोडलेली; ऑल-व्हील-ड्राइव्हला मागेही इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र. ‘मागचं काही करायचं नसतं’ असं दुकानात सांगितलं गेलं तर गाडी कोणती आहे ते दाखवा.

टायर एकसारखे आहेत की नाही, घरी तपासता येईल?

येईल, आणि मला ही पद्धत फार आवडते. सपाट, सरळ, मोकळी जागा बघा, साधारण २५ मीटरची. चारही टायरमध्ये हवा स्टिकरप्रमाणे भरा. प्रत्येक टायरच्या जमिनीला टेकलेल्या जागेच्या बरोबर वर, भिंतीवर खडूने उभी रेघ मारा. कुणालातरी बाजूने चालायला सांगा आणि गाडी सरळ, अगदी हळू पुढे न्या. समोरच्या डाव्या चाकाच्या दहा फेऱ्या पूर्ण झाल्या आणि त्याची रेघ पुन्हा खाली आली की थांबा.

आता बाकीच्या तीन रेघा बघा. घेर सारखे असतील तर त्याही खालीच असतील. एखाद्या टायरचा घेर २५ मिमीने वेगळा असेल तर दहा फेऱ्यांत २५० मिमीचा फरक पडतो, रेघ ४० अंशांहून जास्त पुढे किंवा मागे दिसते. डोळ्यांना लगेच कळतं. जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी विकत घ्यायला जाल तेव्हाही हे करून बघा. विकणाऱ्याने चार वेगवेगळे टायर लावून गाडी वर्षभर चालवली असेल, तर कपलिंगची किंमत सौद्यात धरायला हवी.

ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांसाठीचे) टायर लावावेत का?

शेतावर, कच्च्या रस्त्यावर नेहमी जाणं असेल तर जरूर, पण चारही. त्यांची नक्षी खोल असते, टायर जड असतो, हायवेवर आवाज येतो आणि डिझेल थोडं जास्त लागतं. फक्त पुढे दोन ऑल-टेरेन लावणं म्हणजे वेगळा घेर आणि वेगळी पकड, दोन्ही चुका एकदम.

वजनाचा आकडा ९८ ऐवजी ९५ चालेल का?

नाही. ९५ म्हणजे ६९० किलो, दर टायरमागे ६० किलो कमी. पाच माणसं, सामान, छतावर कॅरिअर आणि उतरणीला लागलेला घाट, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. मूळ आकडा किंवा त्याहून वरचा, एवढंच. वेगाचं अक्षरही एच किंवा त्याच्या वरचं, म्हणजे व्ही.

थार आणि जिम्नीलाही हेच लागू?

थोडं वेगळं. त्या गाड्यांत २एचवर (दोन चाकांच्या मोडवर) असताना पुढची चाकं जोडलेलीच नसतात, त्यामुळे डांबरी रस्त्यावर पुढच्या-मागच्या टायरमधला फरक ड्राइव्हलाइनला त्रास देत नाही. पण ४एच (चार चाकांचा मोड) टाकलं की पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना पक्का जखडतो, मध्ये प्लेटाही नाहीत आणि डिफरन्शियलही नाही. तिथे टायर असमान असतील तर ताण थेट गिअरांवर येतो. आणि टायर समान असले तरीही कोरड्या डांबरावर ४एच नको.

दुकानात नेमकं काय सांगू?

जाण्याआधी फोन करा: ‘गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे, २१५/६५ आर१६ ९८एच, एकाच मॉडेलचे चार हवेत, तारखा जवळजवळच्या.’ तारीख टायरच्या भिंतीवर शेवटच्या चार आकड्यांत असते, २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. टायर बसवण्याआधी चारही तारखा स्वतः वाचा आणि आयएसआयचा शिक्का बघा. रिमही बदलत असाल तर बोल्टचं माप ५ × ११४.३ (पाच बोल्ट, ११४.३ मिमी व्यासाच्या वर्तुळावर) हवं आणि ऑफसेट, म्हणजे रिम किती आत-बाहेर बसते तो आकडा, मूळ रिमच्या जवळचा. मूळ रिमच्या आतल्या बाजूला तो कोरलेला असतो, फोटो काढून न्या.

रस्त्यात बंद पडलीच तर टोइंगवाल्याला पुढची चाकं उचलून मागची फिरती ठेवून ओढू देऊ नका. चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड मागवा, थोडी वाट बघावी लागली तरी चालेल.